ओळख एका पालीची

पालीकडे निरखून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. ती अंगावर कोठे पडली म्हणजे कोणते फळ मिळते, याचे पल्लीपतनाचे कोष्टक आपल्या पंचांगांत सापडते. मनात शंका आली, तर तीसुद्धा पालच होऊन चुकचुकते. पण तिच्या पायाची बोटे कशी असतात, तिच्या डोळ्यातली बाहुली उभी असते की गोल, असे विचारले तर ज्याच्या स्वयंपाकघरात ती तीस वर्षे दिव्यामागे मुक्काम ठोकून आहे, तो गृहस्थही गप्प बसेल. पाल दिसली की झाडू शोधायचा, एवढाच आपला तिच्याशी संबंध.

जगात असेही लोक आहेत, की जे पालीची बोटे आणि डोळे बारकाईने पाहतात आणि पसंत पडली तर एका पालीसाठी शेकडो युरो मोजतात. अशाच एका पालीची ही हकीकत आहे. ती आहे जेमतेम तीन सेंटिमीटरची, म्हणजे कागदांना लावायच्या टाचणीएवढी. पण तिच्यामुळे एका चिमुकल्या देशाला जिनिव्हापर्यंत जावे लागले, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत बदल झाला, आणि कायदा कोठे संपतो व माणसांनी राखण केव्हा सुरू करायची, हा जुना प्रश्न पुन्हा एकदा समोर आला. म्हणून रविवारच्या सकाळी वाचकांना पालीची गोष्ट सांगण्याचे धाडस करतो आहे.

कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स नावाचे राष्ट्र आहे. क्रिकेटवाल्यांना ते ठाऊक असेल, कारण जून २०२४ मध्ये अफगाणिस्तानने बांगलादेशाला हरवून विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली, ती इथल्याच मैदानावर. १९७९ मध्ये हा देश ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या देशाच्या दक्षिण टोकाला युनियन आयलंड हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आसपास, क्लिफ्टन आणि अ‍ॅश्टन ही दोन गावे. बेटाच्या पश्चिमेला चॅटम बे नावाचा उपसागर आहे आणि त्याच्यावरच्या डोंगरउतारावर कोरड्या हवामानातले जुने जंगल आहे. आसपासच्या बेटांवर मळ्यांसाठी जंगले साफ झाली, पण हा तुकडा उभा राहिला. त्या जंगलात सुमारे ५० हेक्टरांत, म्हणजे सव्वाशे एकरांत, ही पाल राहते. पृथ्वीवर दुसरीकडे कोठेही ती नाही.

शास्त्राला तिचा पत्ता लागला २००५ मध्ये. रॉबर्ट पॉवेल आणि रॉबर्ट हेंडरसन या दोन अमेरिकी सरीसृपतज्ज्ञांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला गोनॅटोडीस दौदिनी हे शास्त्रीय नाव दिले. त्या वंशातल्या बहुतेक पाली दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या. त्यांतली ही एक समुद्रातल्या एवढ्याशा बेटावर सापडावी, याचेच अप्रूप होते.

ती ओळखायची कशी? त्यासाठी आधी आपल्या घरातली पाल पाहावी. घरच्या पालीची बोटे टोकाशी पसरट असतात आणि त्यांच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म केस असतात, आणि त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत भिंतीवर, छतावर उलटी चालते. तिच्या डोळ्यातली बाहुली उजेडात मांजरासारखी उभी होते, कारण ती रात्रीची शिकारी. युनियन आयलंडच्या पालीची बोटे बारीक, सांध्यांशी किंचित वाकलेली असतात. त्यांच्याखाली त्या पसरट गाद्या नसतात, असतात ती फक्त नखे. म्हणून तिला नखांची पाल म्हणतात. बाहुली गोल. हलणाऱ्या पापण्या नाहीत. दगडांच्या फटी, पालापाचोळा, कुजके ओंडके हे तिचे घर. एका वेळी ती एकच अंडे घालते.

पण खरी खूण वेगळीच आहे. दगडाखाली, अंधारात असते तेव्हा ही पाल मातकट तपकिरी दिसते. पाचोळ्यात पडलेली असली तर कोणाचे लक्षही जाणार नाही. तिला उजेडात आणले, की थोड्याच वेळात तिचे रूप पालटते. तपकिरी रंग मागे सरतो आणि लाल, काळे, पांढरे, पिवळसर ठिपके उमटतात. त्यांतले काही डोळ्यांसारखे, वर्तुळात वर्तुळ असलेले. एखाद्या सोनाराने जरा हात मोकळा सोडून मिनाकाम करावे तसे ते अंग दिसते. संशोधकांच्या दृष्टीने ही ओळख पटवण्याची खूण. हौशी खरेदीदारांच्या दृष्टीने हीच तिची किंमत.

इथे मला माझ्या जुन्या नोकरीतली एक गोष्ट आठवते. बँकेत प्रत्येक खातेदाराच्या नमुना सहीचे कार्ड असे. चेक आला की त्यावरची सही कार्डाशी ताडून पाहायची, वळण जुळले तरच पैसे द्यायचे. खातेदाराच्या पैशाचे रक्षण त्या सहीच्या खुणेवर. पण ती कार्डे आम्ही काउंटरवर पसरून ठेवत नव्हतो. ती अधिकाऱ्याच्या ताब्यात, कुलपात असत. कारण उघड आहे. जी सही खातेदाराला वाचवते, तीच बनावट सही करणाऱ्याच्या हाती लागली तर त्याच खातेदाराला बुडवते. ओळखीची खूण दोन्ही बाजूंनी कापते. ती कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून.

शास्त्राला मात्र कार्ड कुलपात ठेवता येत नाही. नवी जात जाहीर करायची तर तिचे वर्णन छापावे लागते, खुणा सांगाव्या लागतात, नमुना कोठे मिळाला ते लिहावे लागते, नाहीतर दुसऱ्या कोणाला ते पडताळता कसे येणार? या प्रामाणिकपणाचा फायदा घेणारे लोक आहेत, हे युनियन आयलंडच्या आधीच दिसून आले होते. १९९९ मध्ये दक्षिण चीनमधल्या गुहांजवळ राहणाऱ्या गोनिउरोसॉरस लुई या पालीचे वर्णन प्रसिद्ध झाले. लागलीच परदेशच्या बाजारात तिचा भाव दीड-दोन हजार डॉलरांपर्यंत गेला, आणि जिथे ती प्रथम सापडली त्या जागेवरून ती नाहीशी झाली. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या एका लांब मानेच्या कासवाचेही असेच झाले. २००६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून आपल्याच सहकाऱ्यांना सावध केले, की तुमचा शोधनिबंध हा चोराचा नकाशा ठरू शकतो. त्यानंतर अनेक संशोधक नेमकी जागा छापायचे टाळू लागले. पण ज्या जातीचे सगळे घरच सव्वाशे एकरांचे, तिच्या बाबतीत जागा लपवून काय लपणार? बेटाचे नाव सांगितले, तरी पत्ता सांगितल्यासारखाच.

व्हायचे तेच झाले. पाल युरोपातल्या हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत दिसू लागली. व्यापारासाठी ती बाहेर नेण्याची परवानगी तिच्या देशाने दिलेली नव्हती. म्हणजे विकली जाणारी प्रत्येक पाल, किंवा तिचे आईबाप, चोरून आणलेले. तीन सेंटिमीटरचा जीव लपवायला जागा कितीशी लागते? एखादी लहानशी डबी पुरते. शिवाय नुकसान नेलेल्या पालींपुरतेच राहत नाही. त्या शोधण्यासाठी दगड उलटले जातात, कुजके ओंडके फोडले जातात, आणि जी पाल सापडत नाही तिचेही घर मोडते. संवर्धनाचे काम करणाऱ्या संस्थांच्या हिशेबाप्रमाणे २००५ ते २०१८ या काळात या पालींची संख्या पूर्वीच्या एक पंचमांशावर आली. २०१८ चा अंदाज होता सुमारे दहा हजारांचा.

वाचक विचारील, कायदा नव्हता का? होता. सेंट व्हिन्सेंटमध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९८७ पासून आहे. पण तो त्या देशाच्या किनाऱ्यापर्यंतचा. खरी गोम पुढे आहे. अमेरिकेत 'लेसी अ‍ॅक्ट' नावाचा जुना कायदा आहे. मूळ देशाचा कायदा मोडून आणलेला प्राणी अमेरिकेत विकणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरतो. युरोपात असा सरसकट कायदा नाही. एखादा प्राणी आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नसेल, तर तो मूळ देशातून चोरला असला तरी युरोपच्या बाजारात त्याची विक्री बिनदिक्कत चालू शकते. आपल्याकडे चोरीचा माल विकत घेणाराही दोषी असतो, हे खेड्यातला साधा माणूससुद्धा जाणतो. श्रीमंत देशांच्या बाजाराला हे तत्त्व पालीच्या बाबतीत लागू करावेसे वाटले नाही. चोरी बेटावर झाली, बाजार युरोपात भरला, आणि दोन्हींच्या मधे कायद्याचा समुद्र मोकळा राहिला.

यावर उपाय एकच होता. 'सायटिस' या नावाने ओळखला जाणारा, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. त्याच्या परिशिष्ट एकमध्ये ज्या जाती असतात, त्यांच्या रानातल्या जिवांचा व्यापारी हेतूने देशादेशांत व्यवहार करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाला या कराराच्या सदस्य देशांची अठरावी परिषद भरली. ती मुळात कोलंबोला मे महिन्यात व्हायची होती, पण त्या वर्षीच्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांमुळे जागा आणि तारीख बदलली. त्या परिषदेत सेंट व्हिन्सेंटने प्रस्ताव मांडला आणि ही पाल परिशिष्ट एकमध्ये गेली. हत्ती, गेंडा, वाघ यांच्या पंगतीला टाचणीएवढी पाल बसली.

त्याच परिषदेत भारतानेही सरीसृपांचीच बाजू मांडली होती, याची नोंद आपल्याकडे फारशी झाली नाही. चांदणी कासव परिशिष्ट एकमध्ये गेले, त्या प्रस्तावात भारत होता. ईशान्य भारतात आढळणारी, 'टोके टोके' असा आवाज काढणारी मोठी टोके पाल परिशिष्ट दोनमध्ये आली, त्या प्रस्तावातही भारत होता. तिच्या मांसाने भलभलते रोग बरे होतात, या अफवेने तिची बेसुमार धरपकड झाली होती. तेव्हा प्राणी गमावणाऱ्या देशांचे दुःख आपल्याला अपरिचित नाही.

पण आपण केवळ गमावणारे राहिलो नाही, आता घेणारेही झालो आहोत. हे मान्य करायला जरा जड जाते. पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये एक योजना काढली. परदेशी प्राणी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी सहा महिन्यांच्या आत ते स्वतःहून जाहीर करावेत, कागदपत्रे विचारली जाणार नाहीत. काळा पैसा जाहीर करण्याच्या योजना आम्ही बँकवाल्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्याच जातीची ही. हेतू नोंद व्हावी हा होता, पण अशी योजना काढावी लागली यातच देशात किती परदेशी प्राणी पोचले असतील याची कबुली आहे. पुढे २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन 'सायटिस'च्या जातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली, आणि २०२४ मध्ये अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही आले. हे चांगलेच झाले. तरी मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत साप, कासवे, सरडे सापडल्याच्या बातम्या २०२५ मध्येही येतच होत्या.

अशा वेळी मध्यरात्री बॅग उघडणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. डबीत एक तपकिरी, बोटाच्या पेरावर मावणारी पाल आहे. ती यादीतली आहे की नाही, हे त्याने ठरवायचे. अंधारातून नुकतीच बाहेर आलेल्या पालीचा रंगही खोटे बोलतो. बोटे पाहा, बाहुली पाहा, थोडा वेळ उजेडात ठेवून ठिपके उमटतात का ते पाहा, हे त्याला कोणी शिकवले असेल तरच कायद्याचा उपयोग. नाहीतर परिशिष्टाचे कागद जिनिव्हात आणि पाल बॅगेत. ओळखीच्या खुणा शास्त्रज्ञाला आणि चोराला पाठ असतात. त्या रखवालदाराला पाठ होणे, हे या सगळ्या प्रकरणातले उरलेले काम आहे.

युनियन आयलंडवर हेच काम झाले, आणि ते तिथल्याच माणसांनी केले. सरकारचे वनखाते, 'फॉना अँड फ्लोरा' आणि 'रीवाइल्ड' या परदेशी संस्था आणि बेटावरच्या लोकांनी उभी केलेली 'युनियन आयलंड एन्व्हायर्नमेंटल अलायन्स' ही संघटना असे सगळे एकत्र आले. गावातल्याच माणसांना रक्षक म्हणून शिकवून तयार केले. जंगलात गस्त सुरू झाली, चोवीस तास पाहणारे कॅमेरे बसले. बेट लहान असण्याचा शाप इथे वरदान ठरला. तीन हजारांच्या वस्तीत नवखा माणूस डोंगराकडे वळला की कोणाच्या तरी लक्षात येतेच. २०२४ च्या सुरुवातीला या संस्थांनी जाहीर केले, की पालींची संख्या दहा हजारांवरून सुमारे अठरा हजारांवर गेली आहे. सहा वर्षांत ऐंशी टक्के वाढ. नष्ट होणाऱ्या जातींच्या बातम्यांत असे आकडे क्वचित वाचायला मिळतात.

आणि मग १ जुलै २०२४ आली. 'बेरिल' हे चक्रीवादळ शेजारच्या कॅरिआकू बेटावर धडकले आणि युनियन आयलंडला चिरडून पुढे गेले. दुसऱ्याच दिवशी ते पाचव्या श्रेणीचे झाले. मोसमात इतक्या लवकर एवढे तीव्र वादळ अटलांटिकमध्ये त्यापूर्वी नोंदलेले नव्हते. बेटावरची सुमारे नव्वद टक्के घरे मोडली किंवा त्यांची भारी पडझड झाली, असे तेव्हाचे पंतप्रधान राल्फ गोन्साल्व्हिस यांनी सांगितले. हिरवे डोंगर पानांवाचून उघडे पडले.

सगळी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये, हा बँकेत पहिल्या दिवशी कानावर पडणारा धडा. निसर्गाने या पालीच्या बाबतीत तो पाळलेला नाही. एक वादळ, एक वणवा, चॅटम बेच्या उतारावर एखादा पर्यटनाचा मोठा प्रकल्प, आणि संपूर्ण जातीचा हिशेब मिटू शकतो. त्यातही वादळाला परिशिष्ट एक माहीत नसते. ज्या समुद्राच्या वाढत्या उष्णतेवर अशी वादळे पोसतात, ती उष्णता वाढवण्यात या बेटाचा वाटा नगण्य आहे. पालीची चोरी करणारा ग्राहक आणि वादळ तापवणारा धूर, दोन्ही बहुतांशी दुसरीकडचेच. भरपाई मात्र बेटाने करायची.

ज्याचे छप्पर उडाले त्याला पालीची चिंता करायला सांगणे क्रूरपणाचे नाही का, असा प्रश्न कोणी विचारील. विचारणे योग्यच आहे. मला त्याचे उत्तर असे वाटते, की इथे माणूस आणि पाल यांचे हित वेगवेगळे राहिलेले नाही. उतारावरचे जंगल माती धरून ठेवते, त्या जंगलाच्या राखणीतून काही घरांत पगार जातो, आणि बेटाचे नाव जगात ज्या थोड्या गोष्टींमुळे घेतले जाते त्यांत ही पाल आहे. जंगल राखायचे, तर ते राखणाऱ्या माणसाचे घर आधी उभे राहिले पाहिजे. मदत देणाऱ्यांनी पालीसाठी वेगळा खाना आणि माणसासाठी वेगळा खाना करू नये, एवढे शहाणपण यातून घ्यायला हरकत नाही.

शेवटी आपल्या सह्याद्रीकडे येतो, कारण या पालीचा आपल्याशी एक जुना, कागदोपत्रीचा का होईना, संबंध आहे. १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज बूलंजे यांनी सरड्या-पालींची मोठी सूची केली, तेव्हा आपल्या दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या गोल बाहुलीच्या, बारीक बोटांच्या छोट्या पालींना त्यांनी गोनॅटोडीस याच वंशात घातले होते. पुढे फरक लक्षात आले आणि आपल्या पाली निमॅस्पिस या वेगळ्या वंशात गेल्या. सारख्या जगण्यातून आलेले ते साम्य होते, रक्ताचे नव्हते. या निमॅस्पिस वंशातल्या नव्या जाती आजही सह्याद्रीत सापडत आहेत. २०१८ मध्ये एकाच निबंधात उत्तर पश्चिम घाटातल्या चार नव्या जातींचे वर्णन आले, आणि त्यांतल्या एकीच्या नावात आंबोली आहे. यांतल्या बऱ्याच जाती एखाद्या डोंगरापुरत्या, एखाद्या कातळाच्या पट्ट्यापुरत्या ठाऊक आहेत. म्हणजे त्यांचीही ठेव एकाच शाखेत.

आंबोलीला पावसाळ्यात धबधब्याखाली उभ्या राहणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना हे माहीत असेल? त्या गावातल्या मुलांना तरी शाळेत कोणी सांगितले असेल का, की तुमच्या गावाच्या नावाची एक पाल आहे, तिची बोटे अशी, डोळा असा? तिची सही कोणाकोणाच्या हाती पोचली आहे हे आपल्याला कळायला मार्ग नाही, कारण वर्णन छापलेले आहे आणि छापलेले परत घेता येत नाही. आपल्या हाती आहे ते इतकेच, की बाहेरचा कोणी ती ओळखण्याआधी गावातल्या माणसाला ती ओळखू यावी. युनियन आयलंडच्या तीन हजार लोकांना ते करावे लागले, पण चार पंचमांश पाली गेल्यावर. आपल्याला त्याआधी करता आले तर बरे. संध्याकाळी दिवा लागल्यावर घरातली पाल भिंतीवर येईल, तेव्हा झाडू बाजूला ठेवून आधी तिची बोटे पाहायला सुरुवात करू.